दहा ते एक

काल पुंडलिकनगरच्या घराला रंग द्यायला घेतला. रंगाऱ्यानं भिंतीवरचा काळा फळा घासला आणि खडूचा कोरडा वास खोलीभर पसरला. दोन्ही मुलांना मी शाळेत न घालता याच फळ्यासमोर शिकवलं. दहा ते एक शाळा, आणि तेवढा वेळ मला आई नाही, बाई म्हणायचं, हा माझाच नियम. त्याशिवाय शिस्त लागत नाही, असं मला वाटायचं.

एकदा मधल्या सुट्टीत धाकटा अंगणात पडला. गुडघा चांगलाच सोलवटला होता. ओठ दाबून तो दारात उभा राहिला.

“बाई, आईला बोलवा ना.”

थोरला हसला. “येड्या, हीच तर आई हाय!”

“व्हय, पण आत्ता नाय ना.”

मी जखम धुतली, हळद लावली आणि पाढे पुढं सुरू केले. एक वाजेपर्यंत तो घड्याळाकडं बघत होता, रडला नाही. मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

आता दोघंही पुण्यात नोकरीला आहेत. रविवारी न चुकता फोन करतात, गोळ्या घेतल्या का विचारतात. गेल्या वर्षी धाकट्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ते मला दिवाळीला तो घरी आल्यावर कळलं.