ओळीच्या शेवटचं अक्षर

लातूरच्या आडत बाजारातले सोयाबीनचे भाव नांदेडच्या सर्व्हरवरून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जातात. ते भाव पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मी माझ्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर दुरुस्त करून पाठवली आणि तिकडच्या लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर ती पहिल्याच ओळीला अडली. माझा पारा चढला. सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलीला मी फोन स्पीकरवर टाकून, सगळ्या ऑफिससमोर झापलं.

मग फाइल नीट तपासली. विंडोजनं प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जादा अक्षर ठेवलं होतं. लिनक्सला ते चालत नाही, हे मीच सगळ्यांना ऐकवत असतो. ती अक्षरं काढून फाइल गुपचूप परत पाठवली.

तिचा फोन आला. "सर, चालू झालं बघा. माझंच कायतरी चुकलं असंल."

या वेळी स्पीकर बंद होता. मी म्हणालो, "असू दे."