भाऊजींच्या दुकानातला नवा प्रोसेसर

थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, त्यांना भाऊजी म्हणायच्या, म्हणून हळूहळू सगळी गल्लीच त्यांना भाऊजी म्हणू लागली. भाऊजी बूट शिवायचे, पण धडधाकट पायांचे नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वळलेली, कुणाला बोटंच नाहीत, अशांचे.

तीस वर्षांपूर्वी दादांनी, म्हणजे त्या थोरल्या भावाने, त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला. पावलांची चौदा मापं भरली, की शेजारचं यंत्र पेन धरून कातडं कापायचे आकार कागदावर काढून द्यायचं. दादा पुढे अचानक गेले. आकाराचं गणित कुठे लिहून ठेवायचं राहूनच गेलं.

कॉम्प्युटर आता पार थकला होता. एका जोडीला दीड तास घ्यायचा. इकडे भाऊजींचे डोळेही अधू होत चालले होते. जुन्या बाजारात त्यांना त्याच जातीचा, पण तिप्पट वेगाचा प्रोसेसर मिळाला.

"चालतंय ना? मग कशाला हात लावताय?" वहिनी म्हणाल्या.

"चालत नाही वहिनी, रांगतंय. डोळे आहेत तोवर कामं उरकू द्या."

जुना प्रोसेसर जागेवर घट्ट बसला होता. भाऊजींनी स्क्रूड्रायव्हर घालून तो एका कोपऱ्यातून उचकटला आणि फडक्यात गुंडाळून ठेवला. नवा बसवला. पडदा लगेच उजळला, तशा वहिनीसुद्धा खुदकन हसल्या.

पहिलं काम शाळेतल्या बाईंचं होतं. त्यांचा डावा पाय आखूड. वीस वर्षं त्या भाऊजींच्याच बुटांवर वर्गात उभ्या राहिल्या होत्या. पेन भराभर पळालं आणि अर्ध्या तासात कागद तयार झाला. भाऊजींनी पट्टी लावली. टाच बोटभर कमी होती. पुन्हा काढलं, तर दोन बोटं.

दुरुस्तीवाला आला. बराच वेळ बघून म्हणाला, "दादांनी पेनचा वेग जुन्या प्रोसेसरवर बेतलाय. हा धावतो, पेनची मोटर मागे पडते."

"मग प्रोग्रॅम बदल की."

"त्यांनी लिहिलेला मूळ मजकूर यात नाहीच, काका. नुसता तयार प्रोग्रॅम आहे. तो उघडून बदलता येत नाही."

वेग कमी करायचे सगळे उपाय करून झाले. शेवटी तो म्हणाला, "जुनाच बसवू." भाऊजींनी फडकं सोडलं. उचकटताना प्रोसेसरच्या एका बाजूचे तारेसारखे तीन बारीक पाय मोडले होते. दुरुस्तीवाल्याने भिंग लावून पाहिलं आणि "हा गेला," म्हणत तो टेबलावर ठेवला.

तसा दुसरा शोधण्यात चार महिने गेले. एक सापडला, तो मेलेला निघाला. "बाकीचे सगळे सोनं काढायला वितळवले," बाजारवाला म्हणाला.

वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भाऊजींना वाटायचं.

अखेर त्यांनी बाईंचे बूट हातानेच आखले, तीनदा कातडं वाया घालवून शिवले. बाई दुकानात चार पावलं चालल्या.

"खरं सांगा, बाई."

"चालतील हो भाऊजी. सवय होईल."

भाऊजी दारात उभे राहून बघत होते. कोपऱ्यावरच्या पायरीवर बाई टेकल्या, नवे बूट काढून पिशवीत घातले आणि झिजलेले जुने पायात चढवले.

"आवडले का?" आतून वहिनींनी विचारलं.

"आवडले," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा माप द्यायला आला. भाऊजींनी त्याला खुर्चीवर बसूही दिलं नाही. आता शिवत नाही, असं दारातूनच सांगितलं.