माशाला शाल

हळ्ळीखेडच्या वाचनालयाच्या उद्घाटनाला टेबलावर शोभा हवी, म्हणून अध्यक्षांनी माझ्या मुलीचा निळा फायटर मासा बरणीसकट मागून नेला. हा मासा उडी मारतो, म्हणून मुलगी बरणी वरून चांगली वीतभर रिकामी ठेवायची.

"पाहुण्यापुढं अर्धं भांडं? बरं दिसतंय व्हय!" म्हणत अध्यक्षांनी ती काठोकाठ भरली.

पाहुण्यांचं भाषण सुरू झालं आणि मासा काठाशी येऊन घुटमळू लागला. खाली शहाबादी फरशी होती. मी आभार मानण्यासाठी मंचावर बसलेला. समोरून मुलगी माझ्याकडे एकटक बघत होती. पाहुणे अजून ज्ञानाच्या महासागरातच होते.

माशानं उसळी घेतली. नशिबानं परत पाण्यातच पडला. मी उठलो, तबकातली सत्काराची शाल उचलली आणि बरणीवर टाकली.

"कामून हो, मास्तर? सत्कार माशाचा हाय का?" अध्यक्ष दात आवळून म्हणाले.

"आधी जो निघून जायलाय त्याचा, अप्पा."

पाहुणे बोलतच राहिले. मुलगी पेला घेऊन मंचावर आली. तिनं शालीचं टोक उचलून आत पाहिलं. मासा होता. मगच तिनं पाणी उपसायला घेतलं.