सातव्या माळेला उठवलेला माणूस

मखमलाबादच्या शिवारात धोंडाबाईला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यातले निम्मे माझेच सोयरे, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलताना मी भीड ठेवणार नाही. आमचा मळा तिच्या मळ्याला लागून. बांध एक, विहीर सामाईक. जे घडलं ते मी बांधावरून पाहिलं आहे, आणि काही वेळा बांध ओलांडूनही.

तिचा नवरा गोरक्ष फुलांच्या शेतीतला पक्का माणूस. पहाटे झेंडू-शेवंती घेऊन नाशिकच्या फूलबाजारात जायचा आणि दुपारी घरी यायचा तो भिंत धरत धरत. आधी सणासुदीला प्यायचा, मग बाजाराच्या दिवशी, मग रोज. पुढे तर बाजाराआधीच घोट लागायचा, नाहीतर हात थरथरायचे. जेवण नावापुरतं उरलं. धोंडाबाई गरम भाकरी वाढायची आणि हा कांद्याची फोड चघळून ताट सरकवायचा. मुलगी हर्षाली आठवीत होती तेव्हा शाळेच्या गॅदरिंगमध्ये हा स्टेजवर चढला आणि चालू नाचातून तिला वेणी धरून खाली ओढलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पोरगी पुढे महिनाभर शाळेत गेली नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या नवरात्रात गोरक्षचा थोरला भाऊ खंडेराव याने तोडगा काढला. "याला घटी बसवू. देवीपुढं बसला की दारू आपोआप सुटती."

घटी बसायचं म्हणजे घटस्थापनेला देवीपुढे बसायचं ते नऊ माळा होईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, अन्न घ्यायचं नाही, पाण्यावर राहायचं. आमच्याकडे धडधाकट माणसं बसतात आणि नीट उठतात. पण ज्याच्या पोटात कित्येक वर्षं दारूशिवाय काही टिकलं नाही, त्याला बसवायचं का, हे कोणी विचारलं नाही. धोंडाबाईनेही नाही. ती थकली होती, आणि गोरक्षने देवीपुढे हात जोडून शपथ घेतल्यावर तिला रडू फुटलं होतं.

पहिले दिवस तो घामाने भिजायचा, कापायचा. मग शांत झाला. सहाव्या माळेला म्हणाला, "दिवा एकच लावलाय ना? मला दोन दिसत्यात." सातव्या माळेला बसल्या जागी डुलायला लागला. बुबुळं सारखी हलत होती, तोंडाने असंबद्ध बडबड चालली होती. खंडेरावने नारळ फोडला आणि ओरडला, "आली! देवी आली!"

बघता बघता ओटा भरला. कोणी कुंकू लावलं, कोणी पायावर डोकं ठेवलं. एकाने विचारलं, बोअरला पाणी लागेल का? गोरक्ष म्हणाला लागेल. दुसऱ्याने विचारलं, पोराला नोकरी? तीही लागली. देवीने त्या संध्याकाळी कोणालाच नाही म्हटलं नाही.

धोंडाबाई गर्दीतून पुढे आली. त्याच्या तोंडापुढे दिवा धरला, डोळे पाहिले. नवऱ्याचं डुलणं तिच्याइतकं कोणी पाहिलं होतं? पण हे डुलणं वेगळं होतं, याला दारूचा वास नव्हता.

"ही देवी नाय," ती म्हणाली. "माणूस मरतोय माझा."

"ए, तोंड आवर!" खंडेराव कडाडला.

"आवरत नाय. देवीला आपण रोज निवद दाखवतो. ती कशाला उपाशी माणसात येईल?"

तिने त्याच्या काखेत हात घातला आणि उठवलं. घट तसाच, माळा तशाच. बायकांनी कानावर हात ठेवले. मी बांध ओलांडला तो तेव्हा, कारण दुसऱ्या बाजूने धरायला कोणी पुढे येईना. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फुलांचा टेम्पो काढला. खंडेराव टेम्पोपुढे उभा राहिला, तर ती म्हणाली, "भाऊ, बाजूला व्हा. नायतर भावजी गाडी घालतील." आमचे मालक मुंगीवरून गाडी नेताना थांबणारे, पण त्यांनीही हॉर्न वाजवला. खंडेराव बाजूला झाला.

नाशिकच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिने बोट डावी-उजवीकडे फिरवून त्याचे डोळे पाहिले, उभं करून पाहिलं, किती वर्षं पितो आणि काय खातो ते विचारलं आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली. मग धोंडाबाईला समोर बसवून सांगितलं. मेंदूला चालायला बी-वन नावाचं जीवनसत्त्व लागतं. वर्षानुवर्षं दारू पिणारा धड जेवत नाही, आणि जेवला तरी दारू ते अंगी लागू देत नाही. होतं नव्हतं ते या उपासात संपलं. आणखी उशीर झाला असता तर माणूस गेला असता. डोळे सुधारतील, चालही बरीच सुधारेल. पण नवी आठवण साठवायची मेंदूतली जागा दुखावली आहे, ती पूर्ण भरून येईल असं वाटत नाही.

"म्हंजे हे दारूनं केलं," धोंडाबाईने विचारलं.

"दारूनं आणि उपासमारीनं."

"देवीनं नाय."

डॉक्टरीण म्हणाली, "नाही, देवीनं नाही."

गावाने ते ऐकून घेतलं नाही. गोरक्ष घरी आला, चालायला लागला, हसायला लागला, पण सकाळी जेवला हे दुपारी त्याला आठवेना. गावाचा निकाल ठरला: हिने घट मोडला म्हणून देवीने त्याची बुद्धी नेली. धोंडाबाई पुढच्या चैत्रात वणीला गेली, सगळ्यांच्या देखत गड चढली आणि देवीची ओटी भरून आली. येताना मला म्हणाली, "माझं अन् तिचं काही भांडण नाय. ह्या लोकांचं हाय."

त्या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते मी रोज पाहत होते. शेवंतीच्या एकाच वाफ्याला तो दोनदा, तीनदा पाणी द्यायचा. मुळं कुजायला लागली. मग ती भिजलेल्या वाफ्यावर काठी रोवून तिला लाल चिंधी बांधायला लागली. मात्र फुलं आणि दोरा हातात दिला की तो पूर्वीसारखाच सरळ, घट्ट हार ओवायचा. डॉक्टरीण म्हणाली होती, हातांची सवय मेंदूत वेगळीकडे राहते, ती बऱ्याचदा वाचते. दारूची त्याला अधूनमधून तलफ यायची. धोंडाबाईने गुत्तेवाल्याला तिथे जाऊन जे सुनावलं, त्यानंतर त्याने गोरक्षला दारात उभं केलं नाही.

सगळ्यात वाईट होती ती टपरी. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर रिकामटेकडे त्याला बसवून घ्यायचे. "गोरक्षभाऊ, काल कुठं व्हता?" तो बेधडक सांगायचा, लासलगावला गेलो, ट्रॅक्टरभर कांदा विकला, येताना निफाडला मिसळ खाल्ली. काल तर तो दिवसभर हार ओवत होता! दुसऱ्या दिवशी दुसरी कहाणी. हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी यायचं. एक दिवस धोंडाबाई निंदणी सोडून तशीच टपरीवर गेली, हातात खुरपं.

"हे खोटं बोलत नाय," ती म्हणाली. "जिथं आठवण नाय तिथं त्यांचं डोकं मिळंल ते भरतंय. त्यांना ते खरंच वाटतंय. तुमची डोकी शाबूत हायेत, तरी तुम्ही खोटं बोलता. हसायचं कोणाला, सांगा?"

त्यानंतर तिथे त्याला कोणी काही विचारलं नाही, निदान तिच्या कानावर जाईल असं.

पण दारूने आणखी एक काम केलं होतं, आणि त्याच्यापुढे धोंडाबाईचंही काही चालेना. नव्या आठवणी साठेनात, तशाच जुन्यांतल्या कित्येक वर्षांच्याही पुसल्या गेल्या होत्या. गोरक्षच्या लेखी हर्षाली अजून चिमुरडी होती. वेणी धरून ओढलेली त्याला माहीतच नव्हती. तिला ती क्षणभरही विसरता येत नव्हती. कॉलेजात जायला लागलेली हर्षाली एकदा माझ्यापाशी बोलली, "काकू, त्यांची बरी सोय झाली. केलं त्यांनी, आणि आठवायचं मी." खरंच होतं ते. मलाही त्या निरागस हसणाऱ्या माणसाचा कधीकधी संताप यायचा.

दोन हजार सहा साली तिचं लग्न ठरलं. मुलगा ललित, सातपूरला कारखान्यात कामाला. खंडेराव सुपारी फुटायच्या आतच बोलला, "कन्यादानाला मी अन् तुझी जाऊ बसतो. शुद्ध नसलेल्या माणसाच्या हातून दान लागू व्हत नाय. त्यात देवीनं टाकलेला."

"बाप जिता हाय," धोंडाबाई म्हणाली. "बापच बसंल."

आता हर्षाली बोलली. "आई, मला नको ते. तो माणूस माझा हात धरणार, ज्या हातानं वेणी ओढली त्याच हातानं?"

धोंडाबाईचा चेहरा पडला. गावाशी ती वर्षानुवर्षं भांडली होती, लेकीशी मात्र भांडली नाही. म्हणाली, "तू म्हणशील तसं. पण नाय म्हणायचं तर त्यांनी जे केलं त्याच्यासाठी म्हण. खंडूभाऊ म्हणतात त्याच्यासाठी नको. त्यांना देवीनं टाकलं म्हणून लेकीनं टाकलं, असं मी गावाला म्हणू देणार नाय."

तिसऱ्या दिवशी खंडेराव आहेराचं बोलायला आला तेव्हा हर्षाली त्याच्या तोंडावर म्हणाली, "माझे आप्पाच बसतील."

लग्नाच्या दिवशी मांडवात गोरक्ष नवा फेटा बांधून बसला. धोंडाबाई शेजारी, हातात पाण्याची झारी. गुरुजींनी मुलीचा हात बापाच्या हातात दिला. गोरक्षने मुंडावळ्यांकडे निरखून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पोरगी कोणाची?"

मागे खंडेराव कोणाच्या तरी कानाला लागला. धोंडाबाईने तोंड उघडलं, पण तिच्या आधी हर्षालीच बोलली, चांगल्या खणखणीत आवाजात.

"तुमची. हर्षी. हात घट्ट धरा, पाणी सोडतात."

"माझी? एवढी मोठी झाली?" त्याने हात घट्ट धरला. धोंडाबाईने धार सोडली. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं, हर्षालीने पुन्हा तसंच सांगितलं, आवाज तसूभरही खाली न आणता. तिसऱ्या वेळी ललितनेच सांगितलं, "तुमचीच, मामा."

पाठवणीच्या वेळी मी हर्षालीची पिशवी घेऊन गाडीपाशी उभी होते. माय-लेकी गळ्यात पडल्या. हर्षाली रडत नव्हती.

"आई, मी त्यांना माफ नाही केलेलं," ती म्हणाली. "तुझा गैरसमज नको व्हायला."

"म्या तरी कुठं केलंय?" धोंडाबाई म्हणाली, आणि तिच्या डोक्यावरचा पदर सारखा करून तिला गाडीत बसवलं.