पोतं घ्या पाठीवर

"पोतं घ्या पाठीवर. फोटोत कचरावाली दिसली पाहिजे ना!"

कॉलनीचे अध्यक्ष मला सांगत होते. हसत. चारचौघांत.

कोल्हापुरातल्या त्या कॉलनीच्या बागेत फिरायला नवी पायवाट झाली होती. तिचं उद्घाटन. पायवाटेचे ठोकळे प्लास्टिक केंद्रात काम करणाऱ्या आम्ही बायकांनी केलेले. त्याच कॉलनीतल्या दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या बाटल्या, फुटक्या बादल्या. सगळं धुवायचं, यंत्रात बारीक करायचं, वितळवून वाळू मिसळायची, साच्यात दाबायचं. हातावर चटके आहेत माझ्या.

त्या दिवशी लग्नातली साडी नेसले होते. सगळ्याजणी नटून आलेल्या. खुर्च्या पाहुण्यांना. आम्हाला पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं. तेही गिळलं.

मग एकानं पोतं आणलं. नवंकोरं. आत कागदाचे बोळे. म्हणजे आधीच ठरलेलं.

लहानपणी आईबरोबर कचरा वेचायची मी. अंगाला वास येतो म्हणून शाळेत बाईंनी दाराबाहेर बसवलं. आई म्हणाली, "गप बस. शाळा तर बघायला मिळती." मी गप बसले.

आताही हात पुढं झाला माझा. खरंच झाला. इतकी सवय.

शेजारी सुशीलाक्का होती. आमच्यात सगळ्यात थोरली. दिवसभर भट्टीसमोर उभी राहणारी बाई. ती मान खाली घालून पदर सारखा करत होती. लाजत होती. कशाची लाज? माझं डोकंच फिरलं.

"न्हाय घेणार," मी म्हणाले. "ही वाट आम्ही केलीया. तिच्यावर उभं करून काढा फोटो."

"अहो, मनाला काय लावून घेता? कौतुकच करतोय तुमचं."

"कौतुक करायचं तर खुर्ची द्या की!"

मागून कुणीतरी बोललं, "या लोकांना जवळ केलं की असंच."

आम्ही निघालो. फोटो आमच्याशिवाय निघाला.

दुसऱ्या दिवसापासून कॉलनीनं प्लास्टिक देणं बंद केलं. केंद्राचे मॅनेजर म्हणाले, "एकदा माफी मागा, विषय संपवा." आमच्यातल्याच दोघीजणी माझ्यावर ओरडल्या, "तुझ्या तोऱ्यापायी आमचं काम जाईल!" त्यांचंही खरं. घरी पोरं आहेत त्यांना.

चीड येते. बाटलीचा ठोकळा झाला, हे त्या लोकांना पटतं. कचरा वेचणारीची कारागीर झाली, हे पटत नाही.

आता सुशीलाक्का आणि मी दुसऱ्या गल्ल्यांतून दारोदार प्लास्टिक गोळा करतो. कुणी देतं, कुणी दार लावतं. पाय सुजतात.

काल मॅनेजरनी पुन्हा माफीचं काढलं. मी सांगितलं, "काम गेलं तर जाऊ दे, सायेब. माफी मागणार न्हाय. आन् पुन्हा कोण असं बोललं, तर तिथंच, त्याच्या तोंडावर बोलणार."