पगडी पालथी केली तेव्हा

सुमनबाईनं राजशेखर सरांच्या हातातली पगडी हिसकली आन् सगळ्या पोरांसमोर जोत्यावर पालथी केली. चिठ्ठ्या भुरभुर सांडल्या.

"अहो मावशी, हे काय?" सर म्हणले. अंगात किल्लेदाराचा झगा, कमरंला पत्र्याची तलवार, कपाळाला घाम.

"पोतं वरून बघायचं नसतंय सर. खालून बघायचं असतंय."

निलंग्याकडच्या एका शाळेत ही बाई चौदा वर्षं खिचडी शिजवते. तांदळाचं पोतं आलं की तोंडाकडून कधी उसवत न्हाई, बुडाकडून उसवते. वर चांगला माल, खाली किडका, हे तिला पाठ. माणसालाही तशीच बघते. लई लोकांना ते आवडत न्हाई. नसू दे. तिच्या हातचं खाऊन एक पोरगं कधी आजारी पडलं न्हाई.

उदगीरच्या किल्ल्यात त्या दिवशी राजशेखर सरांनी जुना काळ उभा केला होता, आन् शाळेची सहल तिथं आली होती. दारात भालेवाले, आत भाता फुंकणारा लोहार, पखालीतून पाणी पाजणारा भिस्ती. पोरांनीपण चिठ्ठी काढायची, निघेल ते काम दिवसभर करायचं. बावीस पोरं, बावीस चिठ्ठ्या. पोरं नाचून राहिली, सुमनबाई मात्र सावध झाली. नाटक म्हणलं की भीमनगरच्या पोरांच्या हातात काय देतेत, हे तिनं जन्मभर बघितलं. आन् रांगेत पहिली उभी तिचीच नात, लुंबिनी. आठ दिवस झाले पोरगी तोफ तोफ करून राहिली होती.

एसटीतच तिनं सगळ्यांना बजावलं होतं, "झाडू निघाला ना, तर पोरं उचलून माघारी. तोफ गेली खड्ड्यात."

आन् ती पाण्याचा कॅन भरून येस्तोवर इकडं चिठ्ठ्या सुरू!

तिला अक्षर येत न्हाई. "वाच रे आदर्श. मोठ्यानं." रांगेतल्या आदर्शला लबाडी जमत न्हाई, म्हणून तो.

"गोलंदाज. मुनशी. हकीम. लोहार. पहारेकरी..."

झाडू न्हाई. दोनदा वाचायला लावल्या. झाडू न्हाईच.

"बघा मावशी," सर म्हणले. पण हसू अर्धंच आलं.

"मंग झाडत कोन होतं? येवढे घोडे, येवढी मानसं. लीद काय किल्लेदार काढत होता?"

पोरं खिदळली. सर चिठ्ठ्या उलटसुलट करून बघायला लागले.

"आजी, एकवीसच हायत," आदर्श म्हणला.

"एकवीस? मी माझ्या हातानं बावीस लिहिल्यात." सरांचं तोंडच उतरलं.

"बाह्या झटका."

"काय?"

"बाह्या झटका म्हनलं."

किल्लेदारानं खरंच बाह्या झटकल्या. एक रुमाल पडला. सुमनबाईनं तोही उलटून बघितला.

"लुंबिने, तू काढलीस का गं?"

लुंबिनीनं दोन्ही मोकळे तळवे पुढं केले, नुसती मान हलवली. तोंडात चिंच असंल.

"राहिलेली चिठ्ठी माझ्यासमोर लिवा. हिच्यासाठी. गोलंदाज."

"गोलंदाज एक झालाय ना मावशी."

"मंग? तोफ काय एकच हाय?"

सरांनी लिहिलं. आदर्शनं वाचून खात्री दिली. दिवसभर लुंबिनी तोफेवर बसून "धडाम" ओरडत राहिली, आन् सुमनबाई दिवसभर सरांच्या मागं-मागं, नजर त्यांच्या बाह्यांवर. सरांनी चहा दिला तर आधी त्यांना प्यायला लावला.

येताना एसटीत म्हणली, "मानूस वाईट न्हाई वाटत. पन चिठ्ठी कुठं गेली, ते काय पटत न्हाई बाबा."

अजून म्हणते. चिठ्ठीचं खरं लुंबिनीनं उन्हाळ्यात मला सांगितलं, मीपण त्या बावीसातलाच, आजीला सांगायचं न्हाई अशी शपथ घालून. सांगितलं न्हाईच, लिहून राहिलो, ते आजीला वाचता येत न्हाई म्हणून. पहिली चिठ्ठी लुंबिनीनं काढली होती, सर मागची रांग सरळ करत होते तेव्हा. तिच्यावर 'झाडूवाली' लिहिलं होतं. कॅन घेऊन आजी येताना दिसली, तशी पोरीनं ती तोंडात घातली आन् चावून गिळून टाकली.