खारीची बशी

बुधवार, दुपारचे चार. चहा-खारीची वर्गणी प्रत्येकी वीस रुपये. हजर आम्ही सात पालक. आमची मुलं खाण्याच्या आजारावर उपचार घेतात. ती आत डॉक्टरांकडे असतात तेव्हा आम्ही शेजारच्या खोलीत गोल करून बसतो आणि एकमेकांना धीर देतो.

खिडकीतलं ऊन चहाच्या वाफेत तरंगत होतं. मधोमध खारीची बशी, पापुद्र्यांवर पापुद्रे. कोणीच हात लावत नव्हतं. मला मोजायची सवय. घरी माझ्या लेकीच्या, सईच्या पोळीचे तुकडेही मी मनात मोजतो. तिला ते कळतं आणि तिचा हात थांबतो. माझी पोळी मात्र तशीच गार होत राहते.

कप न्यायला आलेल्या कॅन्टीनच्या मावशी म्हणाल्या, "दर बुधवारी भरलेली बशी परत नेते मी. तुम्हीच खात नाही, मग पोरांनी कोणाकडे बघून खायचं?"

मी एक खारी उचलून उरलेल्या चहात बुडवली. मग शेजारच्या ताईंनी, मग आणखी कोणी. वाटलं, भूकही या उन्हासारखीच असेल. कोणी ओढलं नाही, तर हळूहळू सरकत एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल.

सई बाहेर आली. "बाबा, मिशीला खारी लागलीय," म्हणाली आणि हसली. मी मिशी पुसली. आज काय खाल्लंस, हे विचारलं नाही.

एकशे चाळीस रुपये मावशींच्या हातात दिले. त्यांनी रिकामी बशी उचलली.